जाईचा पाला आणि पिवळी गोळी

इंदूरला रामबागेत माझं मेडिकल आहे, आजूबाजूला मराठी घरं बरीच त्यामुळे काउंटरवर अर्धं बोलणं मराठीतच चालतं. मागच्या पावसाळ्यात एक काकू, बीपीची गोळी नेहमी माझ्याकडूनच नेतात, तोंडाला रुमाल लावून आल्या. तोंड आलंय गं, ते लावायचं जेल दे. रुमाल बाजूला केला तर ओठ फुटलेले, आणि त्यावर हिरवे डाग. पाच दिवस जाईचा पाला चावत होत्या, ज्येष्ठमधाच्या गुळण्या चालू होत्या, सुनेने मध लावून पाहिला तर नुसती आग झाली. पोहे गिळवत नव्हते, फक्त पेज घेत होत्या.

मी जाईचा पाला मानते. आयुर्वेदात मुखपाकावर, म्हणजे तोंड येण्यावर, तो सांगितलेलाच आहे, आमची आजी चार पानं चावून थुंकायला लावायची आणि दोन-तीन दिवसांत तोंड बरं व्हायचं. म्हणूनच खटकलं, पाच दिवस झाले आणि कमी व्हायचं सोडून वाढतंय कसं? विचारलं, काकू नवीन गोळी सुरू झालीये का काही? हो, सांध्यांची. पिशवीतच होत्या, काउंटरवर काढून ठेवल्या.

मेथोट्रेक्सेट, १० मिलीग्रॅम. आमवातात ही आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. डॉक्टरांनी सोमवारी ही आणि बाकीचे सहा दिवस फॉलिक अ‍ॅसिड असं लिहिलेलं. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या, काकूंची अदलाबदल झाली. अकरा दिवसांत फॉलिकच्या दोनच गोळ्या गेलेल्या आणि मेथोट्रेक्सेटच्या पट्टीत एकच उरलेली. ज्या दुकानातून घेतल्या तिथे दोन्ही पाकिटांवर नुसतं १-०-०, म्हणजे सकाळी एक, असं लिहिलेलं, वार कुठेच नाही. मला इतका राग आला ना, एक शब्द लिहायला किती वेळ लागतो?

हे औषध पेशींना फॉलेट वापरू देत नाही, मग ज्या पेशी भराभर नव्या होतात त्यांना आधी फटका बसतो, म्हणजे तोंडाच्या आतली त्वचा आणि रक्त तयार करणारा बोन मॅरो. तोंड दिसतं म्हणून कळलं, रक्तात काय चाललंय ते दिसत नव्हतं. जेल दिलंच नाही. मुलाला फोन केला, म्हटलं दादा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या आणि ही पट्टी सोबत ठेवा.

पांढऱ्या पेशी खूपच खाली आल्या होत्या. ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं दिली, ते फॉलेटचंच असं रूप आहे की या औषधाने अडवलेली वाट सोडून थेट पेशीच्या कामी येतं. कच्चा पाला चावणं डॉक्टरांनी आधी बंद केलं, पांढऱ्या पेशी कमी असताना पानावरचे जंतू तोंडातल्या जखमेतून रक्तात जाऊ शकतात. त्याऐवजी मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

मधाबद्दल मला बरेच जण विचारतात, डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून २०२० च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये मध सुचवलेला आहे, पण तो आधीपासून, डॉक्टरांना सांगून. काकूंच्या तोंडाला मधाची नाही, ती गोळी थांबवण्याची गरज होती.

नवव्या दिवशी मुलाचा फोन आला, आईने आज वरणभात खाल्ला. मी दुकानातच रडले. आता ही गोळी माझ्याकडून जाते तेव्हा पाकिटावर लाल पेनाने वार लिहिते, आणि घेणाऱ्याकडून मोठ्याने म्हणवून घेते, कुठल्या वारी, किती.