तुम्ही विचारलंत म्हणून: सणाचा ड्रेस घरीच कशाला?

"सगळं आयतं मिळतं, मग सणाचा ड्रेस दर वेळी घरीच कशाला शिवता?" विचारणारे सगळे ओळखीचेच, त्यामुळे मशीन कुठून आलं आणि मी शिकले कधी, हे पुराण लावत नाही. आजवर "स्वस्त पडतं" म्हणून वेळ मारून नेली. पडत नाही. अस्तर, चेन, दोरा आणि कापताना वाया गेलेलं कापड धरलं की हिशेब तिथेच संपतो. माझे तास तर मी धरतच नाही. मग काही वर्षं "मापाचं होतं" असं सांगू लागले. ते उत्तर एका ड्रेसनंतर बंद झालं.

मुलगी अकरा वर्षांची होती. 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, 3 मीटर सुती कापड आणलं होतं, गर्द निळं. महिनाभर आधी वहीत चित्र काढलं, मापं लिहिली. कापड आधी पाण्यातून काढलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 आटू शकतं, म्हणजे 3 मीटरमध्ये 15 सेंटिमीटरपर्यंत. एवढं सगळं बरोबर केलं. मग झालर सुचली.

झालर चित्रात नव्हती. तिने मागितलीही नव्हती. पण 100 इंच घेराला दुप्पट चुण्यांची, 6 इंच उंच झालर लावायची म्हणजे पन्हाभर लांबीच्या पाच पट्ट्या, पाऊण मीटर कापड. ते काढण्यासाठी बाकीचे तुकडे इतके खेटून मांडले की बगलेत आणि बाजूंना जेमतेम पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, राहिली. शिवणारे सगळे हेच सांगतात: मुलांच्या कपड्याला माया जास्त ठेवा. मला माहीत होतं.

सणाच्या आदल्या रात्री घालून बघितला. ती महिन्याभरात वाढली होती, आणि काखेत कापड रुतत होतं. माया नव्हती, म्हणून उसवून सैल करणं शक्य नव्हतं. मी मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, इंचभर खाली खोल कापला. रुतणं थांबलं. मला वाटलं, जमलं.

मुंढा खोल केला की हात मोकळा होतो, असं वाटतं खरं, होतं उलट. बाही जितकी खाली जोडली जाईल तितका हात वर नेताना अख्खा ड्रेस वर ओढला जातो. हात मोकळा हवा तर मुंढा काखेला लागून उंच हवा, बाही दंडाला रुंद आणि तिचा वरचा गोलवा बसका. निदान बगलेत चौकोनी तुकडा तरी घालता आला असता, पण निळं कापड सगळं झालरीत गेलं होतं. तिने हात वर केले, कंबर फासळ्यांपर्यंत चढली, आणि मी टाचण्या तोंडात धरून म्हणाले, "उद्या हात वर करू नकोस, बस."

तिने केले नाहीत. अख्खा दिवस.

दुपारी मुलांनी उडी मारून दाराच्या चौकटीला हात लावायचा खेळ काढला. तिचा हात त्या वर्षी पहिल्यांदाच पुरला असता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि "मला नाही खेळायचं" म्हणाली. मी हे स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्याच वेळी कोणीतरी मला म्हणत होतं, "झालर काय सुंदर बसलीये!" आणि मी, खरं सांगते, खूश झाले. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत तिचे हात अंगाला चिकटलेले आहेत. झालर मात्र सुंदरच दिसते.

जा म्हणावं, बदल, दुसरा घाल, एवढंच तर म्हणायचं होतं! आज मी त्या दारातल्या बाईशी भांडते. ती म्हणते, रात्री दोनपर्यंत जागून शिवलाय. मी म्हणते, कोणी सांगितलं होतं? तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही फारसं नाही.

म्हणून "मापाचं होतं" हे आता म्हणत नाही. "प्रेमाने शिवते" हेही तुम्हीच म्हणता, मी नाही. मशीनवर बसले की घरात मला कोणी हाक मारत नाही. "आई शिवतेय," एवढं एकमेकांना सांगतात आणि दार लोटून घेतात. वर्षातून तो एक महिना मला मिळतो. मुलीच्या नावावर मिळतो हे खरं, आणि त्याचं मला वाईट वाटतं हेही खरं. पण दुकानातल्या ड्रेसलासुद्धा काखेत ओढ असतेच. फक्त तिथे कोणाला दोष द्यायचा ते ठरवावं लागत नाही. हे जरा लंगडं समर्थन आहे, कळतंय मला.

यंदा तिलाच विचारलं, विकतचा आणू का? ती बराच वेळ वहीतलं चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "शिव. पण आधी जुन्या चादरीचा करून दाखव. आणि झालर नको."

काल चादरीचा कच्चा ड्रेस घातला. मी कंबर बघत होते. तिने आधी दोन्ही हात वर केले, मग चौकटीखाली जाऊन वरच्या लाकडावर तळवे टेकवले. आता त्यासाठी उडी लागत नाही.

"डावीकडे अजून ओढतंय," म्हणाली.

डावी बाही उसवायला घेतलीय.