12 मे आणि बेड 9 चा कॅथेटर

12 मे, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस आणि नर्सेस डे, त्यामुळे आमच्याकडे कार्यक्रम ठरलेला. फोटोला हार, मेणबत्त्या, शपथ, केक. (ती शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेलीच नाही, 1893 साली अमेरिकेत तयार झाली, पण दरवर्षी कोणाकोणाला सांगणार.) मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे, म्हणजे सगळ्या वॉर्डांची नावडती.

त्या सकाळीही आधी कॅथेटर, म्हणजे पेशंटला लघवीसाठी घातलेल्या नळ्या, मोजायला गेले. त्यांच्यामुळे इन्फेक्शन किती झाली एवढं सांगून भागत नाही, 1000 कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस कॅथेटर, तो एक कॅथेटर-दिवस) किती ते काढायचं असतं, त्यामुळे रोज ठरल्या वेळी वॉर्डात किती जणांना कॅथेटर आहे ते मोजावंच लागतं. मेल मेडिकलला बेड 9 चे आजोबा मजेत चहा पीत बसलेले. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, तुडुंब, तिचं खालचं तोंड फरशीला टेकलेलं, नळी कठड्यात पिळवटलेली, मांडीला चिकटपट्टीचा पत्ता नाही. रात्री सीटीला नेताना वॉर्डबॉय मामांनी बॅग पोटावर ठेवली होती, म्हणजे साचलेली लघवी परत आत. मामांना काय बोलणार, ट्रेनिंगच्या यादीत त्यांची नावंच नसतात.

केसपेपर चाळला. कॅथेटर कॅज्युअल्टीत घातलेला, का ते कुठेच नाही, पुढे प्रत्येक हँडओव्हरला नुसतं 'कॅथेटर इन सिटू', म्हणजे कॅथेटर जागेवर आहे. सलाईन कधीच बंद झालेलं. रेसिडेंट म्हणाला, "सिस्टर, मी आजच या युनिटला आलोय, सरांना विचारून सांगतो." मुलगा म्हणाला, "राहू द्या ना, बाथरूमला न्यायची कटकट नाही." नातेवाइकांचं हे नेहमीचंच.

मग खाली हॉलमध्ये मला पाच मिनिटं बोलायला दिली, विषय अर्थातच नाइटिंगेलबाईंचा दिवा. मी म्हटलं, दिवा राहू दे, ही बाई आकड्यांची होती. 1854 च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचली तरी पहिल्या हिवाळ्यात माणसं मरतच होती, 1855 च्या मार्चपासून गटारं उपसली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू उतरले. परत गेल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फारबरोबर हिशेब मांडून तिने दाखवलं की जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनीच जास्त सैनिक गेले. सगळ्या हॉस्पिटलांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात म्हणून 1860 साली तक्ते मांडले. भारतात कधी आली नाही, पण इथल्या गोऱ्या सैन्यात वर्षाला हजारी 69 मरतात हे लंडनमध्ये बसून सरकारला ऐकवलं, आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. टाळ्या पडल्या, केक कापला.

संध्याकाळी आजोबांना हुडहुडी भरून ताप. कॅथेटर निघाला तो तेव्हा! लघवीच्या कल्चरला क्लेबसिएला हा जंतू आला, इंजेक्शनं लागली, मुक्काम वाढला आणि बिलावरून तोच मुलगा माझ्याशीच भांडला.

महिन्याच्या इन्फेक्शनचा आलेख मी वॉर्डाच्या दारावर लावला तर 'पेशंट वाचतात' म्हणून काढायला लावला. वाचू देत की! दुसरं मागणं एवढंच होतं, की कारण लिहिलेलं नसेल तर ड्युटीवरच्या सिस्टरला कॅथेटर काढायची मुभा असावी, असे प्रोटोकॉल बऱ्याच ठिकाणी आहेत, यात नवीन काही नाही. मीटिंगमध्ये एक मोठे डॉक्टर म्हणाले, "मग आम्ही कशाला आहोत?" विषय पुढच्या मीटिंगला गेला. तोपर्यंत मी रोज सकाळी बेडबेड फिरून कारण विचारते, आणि मेल मेडिकलचे रेसिडेंट मी दिसले की लिफ्ट सोडून जिना धरतात.