चार महिन्यांत गेलेला क्रॉस

आण्णांची जीप आवारात वळली तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीखाली होतो, पण न बघता कळलं. क्लच सुटला की खालून ‘टक्’, रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘टक्’, आणि गाडी सावकाश पुढं येताना एका लयीत चिवचिव. जॉइंट क्रॉस, म्हणजे गिअरकडची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या आकाराचा तुकडा, कोरडा पडला की असाच बोलतो.

माझं गॅरेज मल्हारपेठला, कराड-चिपळूण रस्त्यालगत. आण्णा पाटणच्या बाजूच्या वाड्यांवर वडाप करतात, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेतात. जुनी कमांडर, सकाळी दुधाची कॅन आणि कॉलेजची पोरं, बाजारादिवशी टपापर्यंत माणसं. गणपती आठ दिवसांवर आले होते. मुंबईची माणसं गावी येणार, म्हणजे या लोकांची वर्षाची खरी कमाई त्याच दिवसांत.

“मिस्त्री, क्रॉस परत गेला वाटतंय. बदलून चार म्हयनंबी झालं न्हाईत,” आण्णा म्हणाले. “एका जागी दाखवली तर म्हनत्यात, अख्खा शाफ्टच बदला. सात हजार सांगितलं. माझ्याकडं बाराशे हाईत. त्यात काय बसतंय बघा.”

मी आडवा झालो आणि प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळून बघितला. पुढचा क्रॉस घट्ट होता. मागचा, डिफरन्शियलकडचा म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याकडचा, जवळजवळ दोन मिलिमीटर हलत होता. क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या सीलभोवती तांबूस धूळ साचलेली. तिथं ग्रीसचा काळा ओलावा दिसायला पाहिजे; धूळ दिसली की कपातल्या बेअरिंगच्या सुया गंजून एकमेकींना खायला लागल्या असं समजायचं.

आण्णांना संध्याकाळची एक खेप करून मग गाडी लावायची होती. मी नाही म्हणालो. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटत फरपटतो, ब्रेकचा पाइप फोडतो. पुढचा तुटला तर त्याहून वाईट, शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी त्याच्यावर उचलली जाते. उमेदवारीच्या दिवसांत कुंभार्ली घाटात शाफ्ट तुटलेला एक ट्रक मी बघितलाय. आत माणसं असताना ती जोखीम मी कुणाला घेऊ देत नाही. आण्णा थोडे रुसले, पण चावी दिली.

मग मी एक प्रश्न विचारला, आणि त्या दिवशीचं सगळं काम त्या प्रश्नावर फिरलं. “आण्णा, क्रॉस बदलायच्या आधी गाडी थरथरत होती का?”

“न्हाई वं. आवाज तेवढा हुता. थरथर बदलल्यावरच सुरू झाली. टायर बदलून झालं, बॅलन्सिंग झालं, पन चाळीसच्या वर गेलं की आरशात मागची गाडी दिसतच न्हाई, नुसती हलती.”

नवा क्रॉस टाकल्यावर थरथर जायला पाहिजे. ती सुरू होते म्हणजे गाडीतला दोष नव्हे, जोडणीतला.

पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावले. आमच्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे आधी सांगतो: शाफ्ट सुटला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही जागेवर राहत नाही. काही जुन्या जीपांना तर हँडब्रेकचा ड्रम शाफ्टच्या मुळाशीच असतो, शाफ्ट निघाला की तोही नावापुरता. दगड ठोकून बसवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट बोल्टनं जिथं जोडलेला असतो त्या चकतीवर, छिन्नीनं खुणा केल्या, बोल्ट सोडले, शाफ्ट बाहेर काढून बाकड्यावर ठेवला. सरकत्या जॉइंटवर, म्हणजे जिथं शाफ्टचे दोन दातेरी भाग एकमेकांत जातात तिथं, चिखल आणि ग्रीसचा बोटभर थर. डिझेलमध्ये ब्रश बुडवून तो घासला. खाली कंपनीचे दोन बाण निघाले. ते समोरासमोर यायला पाहिजेत. एक बाण दुसऱ्यापासून दोन दाते बाजूला होता.

पोऱ्याला वाटलं, दोन दात्यांनी काय होतंय. मी त्याला बाकड्यापाशी बोलावलं. क्रॉसवर वाकलेला शाफ्ट एकसारखा फिरत नाही. इकडून फेरा अगदी समान दिला तरी पलीकडं तो एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. आयटीआयला आम्हाला हे ‘हूक्स जॉइंट’ या नावानं शिकवलं होतं. पुस्तकात होतं तोवर डोक्यात शिरलं नाही, जीपखाली शिरल्यावर शिरलं. म्हणून शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिला जी ओढाताण करतो ती दुसरा उलटी करून मिटवतो. पण कधी? पाइपच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन-दोन कानांचे चिमटे, एका रेषेत असतील तरच. कुणीतरी घाईत सरकता जॉइंट पूर्ण ओढून काढला, आणि परत घालताना जिथं दाते बसले तिथं ढकलला. घाईत ते कुणाच्याही हातून होतं. पण चार महिने ती ओढाताण त्या क्रॉसवर आणि डिफरन्शियलच्या पिनियनवर चालू होती.

आता क्रॉस काढायचा. कप जागेवर धरणारे लॉक गंजलेले, प्लायरनं निघेनात. कपावर हलका ठोका देऊन तो केसभर आत सरकवला, तेव्हा लॉकवरचा दाब सुटला आणि निघाले. वाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप मावेल एवढा मोठा, आणि हळूहळू आवळत कप बाहेर. हातोड्यानं योकचे कान ठोकणारे आहेत, पण कान वाकला की सात हजारांचा शाफ्ट खरंच आणावा लागतो.

पहिला कप निघाला आणि तळहातावर सुया सांडल्या, त्यांच्याबरोबर तपकिरीसारखी भुकटी. ग्रीसचा अंशही नाही. क्रॉसच्या दांडीवर सुयांचे वळ उमटलेले, एकाशेजारी एक, फणीच्या दात्यांसारखे. नख फिरवलं की खडखड लागायचं. आण्णांनी स्वतः नख फिरवून बघितलं आणि काही बोलले नाहीत.

ग्रीस का नव्हतं तेही दिसलं. ग्रीसचं निप्पल, म्हणजे जिथून गननं ग्रीस आत भरतात ते बारीक तोंड, योकच्या कानाकडं तोंड करून बसवलेलं होतं. गनचं तोंड तिथं शिरतच नाही. आण्णा दर महिन्याला ग्रीसिंगचे पैसे देत होते, आणि हा एक पॉइंट प्रत्येक वेळी सुटत होता.

पोऱ्याला एसटीनं कराडला पाठवलं. फोनवर दुकानदार म्हणाला, निप्पल नसलेला तीनशेला आहे, निप्पलवाला साडेपाचशेला. पैसे कमी असले की माणूस तीनशेकडं झुकतो, आणि मी त्याला दोष देत नाही. पण वाड्यांच्या रस्त्यावर पावसाळ्यात शाफ्ट पाण्यातूनच जातो. तिथं ताजं ग्रीस आत ढकलून जुनं पाणी-माती बाहेर काढता आलं पाहिजे. साडेपाचशेचाच आणायला सांगितला. पुढचा क्रॉस खोलला नाही. त्यात ढिलाई नव्हती, बोटानं वळवला तर कुठं अडकत नव्हता. तो चांगला असताना बदलणं म्हणजे आण्णांचे पैसे उगाच घालवणं होतं. फ्लँजचे झिजलेले चार बोल्ट मात्र लॉकनटसकट नवे घेतले.

योकची भोकं पॉलिश पेपरनं साफ केली. कुणी भोकात पंचनं डॉट मारून, म्हणजे टोचे पाडून, ढिला कप घट्ट बसवतात. मी ते करत नाही. इथं गरजही नव्हती, कप बेताचा घट्ट बसत होता. कपातल्या सुया ग्रीसनं चिकटवल्या, मोजल्या, आणि क्रॉस कपात धरूनच दाबायला लागलो. तिसरा कप नीट गेला. चौथा लॉकच्या खाचेच्या अलीकडंच थांबला. पोऱ्यानं हातोडा उचलला, मी त्याचा हात धरला. कप परत काढला. एक सुई आडवी पडून तळाशी झोपली होती. ठोकला असता तर ती मोडली असती आणि गणपतीतच कुठल्यातरी चढावर क्रॉस जाम झाला असता. सुई उभी केली, परत दाबला, लॉक ‘टिक्’ करून खाचेत बसला.

जोडल्यावर क्रॉस एका बाजूला कडक वळत होता. योकच्या दोन्ही कानांवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, कप लॉकला टेकले आणि क्रॉस मोकळा झाला. निप्पल पाइपच्या बाजूला, गन सहज लागेल असं. दोन्ही बाण समोरासमोर आणले, आणि पुन्हा चिखलात हरवू नयेत म्हणून त्यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. मग ग्रीस, चारही कपांच्या सीलमधून बाहेर येईपर्यंत. तीन बाजूंनी आलं, चौथ्या बाजूनं येईना. शाफ्ट वळवून, हलवून पुन्हा पंप मारला तेव्हा आलं.

चाचणीला आण्णाच चालवायला बसले. पाटणच्या दिशेनं निघालो. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. आण्णा रस्त्याकडं कमी आणि आरशाकडं जास्त बघत होते. मागून एसटी येत होती आणि तिच्यावरची पाटी वाचता येत होती.

“पाटन-कराड,” ते मोठ्यानं वाचून म्हणाले. मग गाडी बाजूला घेतली, रिव्हर्स टाकला, पुढं घेतली, परत रिव्हर्स. ‘टक्’ नाही.

क्रॉस, बोल्ट, एसटीचं भाडं, मजुरी मिळून हजारला पाच-पन्नास वर गेले. उरलेले आण्णांनी मोजून खिशात ठेवले. त्यांना पांढरी रेघ दाखवली आणि सांगितलं, कुठंही काम करा, शाफ्ट उतरला की ही रेघ जुळलेली बघायची, आणि ग्रीसिंगला द्याल तेव्हा या निप्पलवर गन लावताना स्वतः उभं राहायचं.

दिवाळीच्या आधी ते आले. मी खाली आडवा झालो, रेघ चिखलातून पुसून बघितली. सरळ होती. शाफ्ट पिळला, हलला नाही. गनचे पाच-सहा पंप मारले आणि चारही बाजूंनी काळं ग्रीस जाऊन नवं पिवळं ग्रीस बाहेर आलं.