मागच्या ब्रेकला डिस्क टाकण्याआधी ड्रम उघडून बघा

माझ्याकडे २०१७ ची बलेनो आहे, पेट्रोल, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी, तिला दोन बाजूंनी पॅड दाबतात, आणि ड्रम म्हणजे फिरता बंद डबा, त्याला आतून शू दाबतात. राहतो चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचाच, आणि पावसाळ्यात तो उतरताना ब्रेकचा विषय आपोआप डोक्यात येतो. पुण्याचा भाचा गाड्यांचा वेडा, तो कधीपासून मागे लागलाय की मामा ड्रम काढ आणि डिस्क टाकून घे, आरएसला होत्याच की चारी चाकांना. खरंय त्याचं, बलेनो आरएस, म्हणजे याच गाडीचं जास्त ताकदीचं मॉडेल, मार्च २०१७ ला आली ती चारी डिस्क घेऊनच, बॉडीही तीच, म्हणून वाटतं की सामान आणलं की झालं काम. मी सगळा विचार करून ठरवलं की डिस्क नाही टाकायची, आहेत ते ड्रमच आतून पूर्ण नवे करायचे. माझ्यासारख्या गाडीला मागच्या ब्रेकचं खरं अपग्रेड हेच आहे असं माझं ठाम मत झालंय.

आधी हिशेब बघा. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं हे सगळ्यांना माहीत असतं पण किती ते कुणी मांडून बघत नाही. बलेनोचा व्हीलबेस २५२० मिमी, माणसं धरून गाडी १००० किलो समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरा, आणि कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक म्हणजे साधारण ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ऐंशी टक्के जोर. तर १००० गुणिले ०.८ गुणिले ०.५ भागिले २.५२, म्हणजे जवळजवळ १६० किलो मागून उचलून पुढच्या चाकांवर जातात. उभ्या गाडीत मागे ४०० किलो असतील तर त्या क्षणी उरतात २४०. मग मागची चाकं एकूण ब्रेकिंगचा पाव भाग सांभाळतात, त्याहून जास्त त्यांना पेलतच नाही, कारण गाडी शेवटी टायर थांबवतो, ब्रेक फक्त चाक थांबवतो. तुमच्या गाडीत कोरड्या रस्त्यावर जोरात पेडल दाबल्यावर एबीएसची (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ती थरथर पायाला लागत असेल तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे, आणि मोठे ब्रेक टाकून एका दमात थांबायचं अंतर काही कमी होत नाही. त्यासाठी चांगले टायर घ्या, तो पैसा जास्त कामी येईल.

आणि मागे ब्रेक जास्त झाला तर? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढची चाकं आधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागली, तर स्टिअरिंग काम करत नाही पण गाडी सरळ घसरते. मागची आधी लॉक झाली तर त्यांची बाजूची पकड जाते आणि गाडीची शेपूट फिरते, ओल्या घाटात वळणावर हे झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून कंपन्या प्रवासी गाड्यांचा बॅलन्स पुढच्या बाजूला ठेवतात. ईबीडी असतं ते पुढच्या मागच्या चाकांचा वेग बघून मागचं प्रेशर आवरतं, पण त्याचं ट्युनिंग त्या गाडीच्या मूळ ब्रेकवर केलेलं असतं. ड्रमच्या जागी डिस्क टाकली की तेवढ्याच प्रेशरला मागे किती ब्रेक लागेल तो हिशेबच बदलतो. ईबीडीने वेळीच आवरलं तर आपण पैसे भरून वाढवलेली ताकद तेच कापून टाकणार, आणि नाही आवरलं तर वर लिहिलंय ते.

बाकीची कटकट वेगळीच. ड्रममध्ये लीडिंग शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि अजून घट्ट बसतो, म्हणून शूला ढकलणाऱ्या छोट्या व्हील सिलेंडरवरही काम भागतं. डिस्कला ही मदत नसते, तिला मोठा पिस्टन लागतो, मग पेडलमागचा मास्टर सिलेंडर जुन्याच मापाचा राहिला तर पेडल जास्त खाली जाऊ शकतं. त्यात बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली असते, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, म्हणजे मागे केलेला बदल दोन्ही सर्किटवर जातो. हॅन्डब्रेकसाठी कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, मेकॅनिकल लिव्हर हवा, त्याच्या मापाच्या केबल हव्यात, शिवाय हब, ब्रॅकेट, होज हे सगळं एकमेकांशी जुळणारं हवं. हा बदल इन्शुरन्सला कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर त्यावर बोट ठेवू शकतो ते आणखी वेगळं. असा पूर्ण सेट मापून जोखून बसवणारे लोक आहेत, मला त्यांचं कौतुक आहे, पण नुसते कॅलिपर आणून वेल्डिंगने ब्रॅकेट जोडून दिलेलं काम मी माझ्या गाडीला लावू देणार नाही, त्या गाडीत माझी माणसं बसतात.

डिस्कचा फायदा आहेच, नाही कुठे म्हणतोय. उष्णता उघड्यावर निघून जाते, पाण्यातून गाडी गेली तर लवकर कोरडी होते. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो म्हणून लांब उतारावर पेडल खाली खाली जायला लागतं. पण त्यावर उपाय दुसऱ्या गियरमध्ये उतरणं हा आहे. न्यूट्रल टाकून घाट उतरणाऱ्यांना कळकळीने सांगतो, त्यात पेट्रोल वाचत नाही, आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गियरमध्ये उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल तोडतातच, आणि इंजिन बंद केलंत तर पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन तीन वेळा पेडल दाबण्यात संपतो, मग पेडल दगड होतं. ड्रम म्हणजे मागासलेपणा हाही गैरसमज आहे, फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे ड्रमच दिले, कारण मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते आणि कमी वापरात उघडी डिस्क गंजते. आमच्या कोकणच्या हवेत हे मला लगेच पटलं.

तर ड्रम उघडले. मिस्त्री म्हणाले, "दादा, मागचे ब्रेक लागतात कुठे, सगळं पुढचेच ओढतायत." शूवरचे लायनर, म्हणजे घासणारा थर, शिल्लक होते पण वरून काचेसारखे चकचकीत झालेले, शूला ड्रमच्या जवळ ठेवणाऱ्या ॲडजस्टरचे आटे गंजून आणि लायनरच्या भुकटीने जाम. ॲडजस्टर जाम झाला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं आणि हॅन्डब्रेक वर वर येतो, हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला सवयच होऊन जाते. व्हील सिलेंडरचं रबर बोटाने उचलून बघा, आत ओल दिसली तर सिलेंडर बदलायचाच. ड्रमवर मॅक्स डायमीटर कोरलेला असतो, त्याच्या आत माप असेल तर लेथवर घ्या, नाहीतर नवा. शू दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे पण काम एका वेळी एकाच बाजूला, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे हे बघायला दुसरी बाजू शाबूत राहते, आणि डाव्या उजव्याचे ॲडजस्टर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. मागच्या प्लेटवर जिथे शू घासतात तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी थोडं, लायनरला बोटही नाही लावायचं. भुकटी हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा, ती छातीत जायची वस्तू नाही.

ब्रेक ऑईल पूर्ण बदललं, डॉट ४. कोरडं असताना ते किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, डॉट ३ चा तोच आकडा २०५ आहे, पण पाणी शोषलं की डॉट ४ ची हमी १५५ वर येते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचंच, आमच्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात ओतायचं नाही.

गाडीत आता जमीन अस्मानाचा फरक आहे. पेडल वर आलंय, ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीइतकं खाली जात नाही, मागचा भागही बसल्यासारखा वाटतो, आणि हॅन्डब्रेकवर गाडी चढावर निश्चिंत उभी राहते. मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या की तर जास्तच जाणवतं, कारण तेव्हा मागच्या चाकांवर वजन असतं आणि मागच्या ब्रेकला खरंच काम असतं. नवे शू बसेपर्यंत सुरुवातीचे दोनेकशे किलोमीटर हलक्या पायाने चालवा, नंतर हॅन्डब्रेकची केबल परत एकदा बघून घ्या.

भाच्याच्या मित्रांसारखी ज्यांच्याकडे कंपनीतूनच मागे डिस्क आलेली गाडी आहे त्यांच्यासाठी एक सांगायचं राहिलं. कॅलिपरमध्येच हॅन्डब्रेक असेल तर पॅड बदलताना बऱ्याच गाड्यांत मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत आत घ्यावा लागतो, त्याचं हत्यार मिळतं. सी क्लॅम्प लावून जोराने दाबणारा मेकॅनिक दिसला तर तिथेच थांबवा, आतली यंत्रणा तुटली की अख्खा कॅलिपर घ्यावा लागतो.