जुन्या कोरोलाचे पुढचे शॉकअप आणि स्प्रिंग घरच्या अंगणात बदलताना

कुंभार्ली घाट उतरताना डाव्या वळणापेक्षा उजव्या वळणावर गाडी जास्त झुकते, हे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या लक्षात आले. आमची कोरोला २००६ सालची आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती चिपळूणच्या बाजारपेठेजवळ उभी होती आणि पाणी ओसरेपर्यंत तिची चाके अर्धी बुडालेली होती. इंजिनापर्यंत पाणी गेले नाही, म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु चाकांमागच्या लोखंडाने त्या पाण्याची आठवण ठेवलेली होती.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये डाव्या बाजूचा शॉकअप बदलून घेतला होता. तो जुन्याच स्प्रिंगवर आणि जुन्याच माउंटिंगवर (शॉकअपचे डोके गाडीच्या सांगाड्याला धरणाऱ्या भागावर) बसवला गेला आणि उजव्या बाजूला हातही लागला नाही. ही पद्धत मला मुळीच पटत नाही. एका बाजूचा शॉकअप ताठ आणि दुसऱ्या बाजूचा मऊ राहिला, की अचानक ब्रेक दाबल्यावर किंवा ओल्या रस्त्यावर दोन्ही चाके रस्ता सारख्याच ताकदीने धरत नाहीत. पुढचे दोन्ही शॉकअप एकाच वेळी बदलायचे आणि स्प्रिंगही जोडीनेच बदलायच्या, या नियमाला माझ्या मते अपवाद नसावा.

गाडी हाताने दाबून सोडायची आणि ती किती वेळा हलते ते पाहायचे, ही परीक्षा सर्वांना माहीत असते; पण तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. शॉकअप बराच कमजोर झाल्याशिवाय ती काही सांगत नाही आणि स्प्रिंगविषयी तर काहीच सांगत नाही. त्यापेक्षा मोजपट्टी बरी. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा उजवीकडे ३८ सेंटीमीटर आणि डावीकडे ३६.५ सेंटीमीटर भरले. म्हणजे ज्या बाजूचा शॉकअप नवा होता, तीच बाजू खचलेली होती. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते आणि शॉकअप केवळ त्या स्प्रिंगची उसळी आवरतो, हे एकदा नीट समजले की या आकड्यांचे नवल वाटत नाही.

पुढच्या चाकांवरच्या, शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र जोडलेल्या या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये एका लहान मोटारीसाठी ती आखली. ती मोटार बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० साली ब्रिटनमध्ये मांडलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफर या गाड्यांना ही रचना मिळाली. तिच्यात शॉकअप हा केवळ धक्का सोसणारा भाग राहत नाही. तो चाकाला वरच्या बाजूने धरून ठेवतो, स्टिअरिंग फिरवल्यावर चाकाबरोबर स्वतःही फिरतो, आणि म्हणूनच त्याच्या डोक्यावर बेअरिंग असलेले माउंटिंग लागते. बेअरिंग जुनेच ठेवून शॉकअप नवा घालणे म्हणजे पुन्हा सहा महिन्यांनी तेच सगळे खोलण्याची तयारी करणे होय.

मदतीला आप्पा होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली आणि त्यांच्या हातांना सवय ती पाट्यांची, म्हणजे बसच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगची. टेबलावर ठेवलेली नवी स्प्रिंग उचलून पाहत ते म्हणाले, "पाटा तुटला तरी तो आपल्या जागी पडून राहतो. ही दाबलेली स्प्रिंग सुटली, तर ती जागा सोडून जाते. तेवढं ध्यानात ठेव आणि मगच हात लाव." या कामातला खरा धोका त्यांनी एका वाक्यात सांगितला. गाडी जॅकवर उचलून चाक लोंबकळते ठेवले, तरी स्ट्रटमधली स्प्रिंग मोकळी झालेली नसते. तिच्यात शेकडो किलोंचा दाब शिल्लक असतो आणि स्ट्रटच्या अगदी मध्यभागी असलेला एकच नट तो दाब अडवून धरतो. बॉनेट उघडल्यावर त्या मधल्या नटभोवती माउंटिंगचे तीन नट दिसतात. गाडीतून स्ट्रट काढताना हे तीनच सोडवायचे असतात. स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग आवळून धरणाऱ्या अवजाराने, स्प्रिंग दाबल्याशिवाय मधल्या नटाला पाना लावायचाच नाही. मी त्याच्यावर आधीच लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक स्ट्रटला चाकाशी जोडणाऱ्या खालच्या दोन मोठ्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारले होते, सकाळी पुन्हा मारले. अंगण फरशीचे असल्याने जॅक रुतण्याची भीती नव्हती. तरीही मागच्या चाकांना लाकडी गुटके लावले, गाडी स्टँडवर घेतली आणि जॅकवर कोणताही भरवसा ठेवला नाही. ब्रेकचा होस (तेलाची रबरी नळी) स्ट्रटवरून सोडवला, लिंक रॉडचा (गाडीचा झुकाव आवरणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडणाऱ्या सळीचा) नट काढला आणि त्या दोन बोल्टांपाशी आलो. त्यांचे डोके एका पान्याने घट्ट धरून ठेवायचे आणि फिरवायचा तो नट. बोल्टच फिरवत बसले, तर गंजलेल्या भोकात तो आणखी अडकतो. उजवीकडचे दोन्ही सुटले. डावीकडचा खालचा बोल्ट दीड तास जागचा हलला नाही. आप्पांनी घाई करू दिली नाही: तेल, हातोडीचे हलके ठोके, थोडा वेळ थांबणे आणि पुन्हा पाना. शेवटी तो कर्रकन आवाज करून सुटला. बोल्ट निघताच नकल, म्हणजे चाक धरणारा लोखंडी भाग, बाहेरच्या बाजूला कलते आणि तिचे वजन ब्रेकच्या होसवर येऊ शकते, त्यामुळे ती तारेने वर बांधून ठेवली होती. वरचे तीन नट सर्वांत शेवटी काढले. त्या वेळी खालून स्ट्रट धरायला माणूस हवाच.

डावा स्ट्रट फरशीवर ठेवला आणि खचलेल्या उंचीचे कारण समोर आले. स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या खालच्या बैठकीत जांभ्याची लाल माती वाळून विटेसारखी घट्ट बसलेली होती. ती पेचकसाने खरवडली, तेव्हा मातीबरोबर बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा हातात आला. ते स्प्रिंगचे खालचे टोक होते. ओली माती त्या बैठकीत साचून राहिली, रंग गेला, गंज आत शिरला आणि वेटोळे नेमके तिथेच तुटले. मातीखाली झाकलेले असल्याने ते गाडीखाली वाकून कधी दिसलेच नसते. परंतु शॉकअप बदलताना ज्याने ही स्प्रिंग हातात घेतली असेल, त्याने ती माती खरवडायला हवी होती, असे मला आजही वाटते.

उजव्या शॉकअपची कथा निराळी होती. त्याचा रबरी बूट फाटलेला, आतला बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा मऊ ठोकळा) शिळ्या भाकरीसारखा हातात चुरणारा, आणि दांड्याच्या चकचकीत मुलाम्यावर गंजाचे बारीक खड्डे पडलेले. असा दांडा प्रत्येक खड्ड्यागणिक कानसीसारखा सीलवर घासतो, सील फाटते आणि तेल बाहेर येते. म्हणूनच नवा दांडा पक्कडीत धरून नट आवळणे हा मोठा अपराध समजावा. स्प्रिंग काढून झाल्यावर जुना दांडा दाबून पाहिला, तर तो विनासायास खाली गेला आणि तिथेच राहिला. नवा दाबला की जोर लागतो आणि सोडला की तो सावकाश, एकाच गतीने वर येतो.

कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे (हुक) स्प्रिंगवर समोरासमोर लावले, त्यांच्या आट्यांना आधी ग्रीस दिले आणि एकीकडे तीन-चार फेरे झाले की दुसरीकडे तेवढेच, अशा रीतीने हातपान्यानेच स्प्रिंग दाबत नेली. हवेचे किंवा विजेचे यंत्र इथे वापरू नये. वरची बैठक हाताने हलू लागली, म्हणजे दाब सुटला असे समजायचे, आणि मगच तो लाल ठिपक्याचा नट सोडवायचा. तेवढा वेळ आमच्यापैकी कोणीही स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत उभे राहिले नाही. ज्याचा कॉम्प्रेसर स्वस्तातला किंवा आटे झिजलेला असेल, त्याने स्ट्रट घरी काढावा आणि स्प्रिंग बदलण्यापुरता पक्के यंत्र असलेल्या दुकानात न्यावा. त्यात काहीही कमीपणा नाही.

नवीन जोडणीत दोन गोष्टी पाहिल्या. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या पायरीला नीट टेकले पाहिजे आणि वरच्या बैठकीवरची खूण गाडीच्या बाहेरच्या बाजूस आली पाहिजे. नाहीतर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन आवाज करत जागा घेत राहते. आमच्या गाडीला वरचे तीन नट ३९ न्यूटन-मीटर, खालचे दोन मोठे नट १५३ न्यूटन-मीटर आणि चाकाचे नट १०३ न्यूटन-मीटर असे आवळायचे असतात. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, शेजारून मागून आणला. दुसऱ्या गाडीला हे आकडे लावू नयेत. तिच्या पुस्तकातच पाहावेत. पुरात भिजलेले खालचे चारही बोल्ट नटांसकट नवीनच घातले.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून घेतले. खालच्या बोल्टांच्या भोकांत थोडी जागा असते, त्यामुळे जुन्या खुणा कितीही नेमक्या जुळवल्या तरी चाकाचा कल बदलतोच आणि नवे टायर काही महिन्यांत एका कडेने खाल्ले जातात. दोन आठवड्यांनी, घाटाच्या तीन फेऱ्या झाल्यावर, पुन्हा मोजपट्टी लावली. दोन्ही बाजूंना ३८.५ सेंटीमीटर भरले. नटांवर ओढलेल्या पांढऱ्या रेघा जागच्या हललेल्या नव्हत्या. आप्पांनी खाली वाकून दोन्ही बैठकी बोटाने चाचपल्या आणि पाण्याचा पाइप आणायला सांगितले, कारण डावीकडे पुन्हा थोडी लाल माती साचू लागली होती.