दुसरं काढता येतं की!

तुम्ही वाईन सांडलेल्या चित्रांबद्दल विचारलंत म्हणून सांगते. मी जुनी चित्रं दुरुस्त करते हे कळलं की लोक हमखास विचारतात: अमेरिकेत त्या बाईनं वाईन ओतली होती ना, तशी चित्रं पुन्हा पहिल्यासारखी होतात का? पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: नाही झाली तरी काय बिघडलं, कोट्यधीशाच्याच घरातली होती!

डिसेंबर २०१७ची गोष्ट. ह्यूस्टनमधल्या एका नामांकित वकिलाकडे आलेल्या पाहुणीनं चित्रं भिंतीवरून ओढून काढली, त्यांवर रेड वाईन ओतली, दोन शिल्पं भिरकावली, असा आरोप झाला. त्यात अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांची दोन चित्रं होती, किंमत प्रत्येकी पाच लाख डॉलर. बातमी वाचून लोक पोट धरून हसले. किंमत आधी कानावर पडली, म्हणून श्रीमंतीवरचा राग चित्रांवर निघाला. मला तेव्हा वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

वाईनमध्ये रंगाबरोबर आम्ल असतं, टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. तैलचित्रावर वार्निशचा पारदर्शक लेप असेल तर डाग पुष्कळदा वरच अडतो. अॅक्रिलिकच्या चित्रावर बहुधा तसं कवच नसतं, आणि पाणी लागलं की रंगाचा थर फुगतो. डाग काढायला जे लावावं, त्यानंच चित्र दुखावतं. कॅनव्हास फाटला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक धागा जुळवत बसायचं. छोट्याशा चिरेला दिवसचे दिवस जातात.

‘दुसरं काढता येतं की, वॉरहॉल छापच काढायचे!’ हेही ऐकते. १९६२पासून ते रेशमी जाळीतून छापायचे, हे खरं. पण शाई हातानं ओढलेली असायची. एकीकडे दाट, एकीकडे विरळ, कुठे जाळी किंचित सरकलेली. त्या सरकलेल्या कडेतच त्या छापाचं वेगळेपण असतं. ते १९८७मध्ये गेले. आता दुसरं कोण काढणार?

पुण्यातल्या एका घरातून माझ्याकडे पणजीचं तैलचित्र आलं होतं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका वर्षानुवर्षं त्या माउलीच्या कपाळाला बोट टेकवून जायच्या. त्यांच्या मनात मायाच होती, पण कुंकू रंगाच्या भेगांत खोल उतरलं होतं. कापसाच्या बोळ्यानं मी तीन आठवडे तेवढंच कपाळ पुसत होते. घरातली सून दर दोन दिवसांनी फोन करायची, “ताई, आजींचा चेहरा दिसायला लागला का हो?” त्या चित्राची किंमत त्या घरात कुणी कधी काढली नव्हती. ह्यूस्टनच्या चित्रांबद्दल असा एक तरी फोन कुणी केला असेल का, असं मनात येतं.

सगळं कुंकू निघालं नाही. तळाशी गेलेलं ओढलं असतं तर कपाळाचा रंगही सुटून आला असता. तेवढी लाली मी तशीच राहू दिली.