बालकादंबरीची पातळी आणि लांबी : दुसऱ्या खर्ड्याची नोंद

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी बसून तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी प्रकरणांची छोटी कादंबरी लिहिण्याचा जो उद्योग मी चालवला आहे, त्याचा दुसरा खर्डा पूर्ण झाला आहे. कथानकाची चर्चा पुन्हा कधीतरी करू. ही कादंबरी कोणत्या इयत्तेला झेपेल आणि ती किती लांब असावी, एवढाच हिशेब येथे मांडतो.

इंग्रजीत यासाठी तयार सूत्रे आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ मधील सूत्र वाक्यातील सरासरी शब्द आणि शब्दातील सरासरी उच्चारावयव (सिलॅबल) मोजून मजकुराची सुलभता ठरवते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटत असल्यामुळे नुसत्या शब्दसंख्येवर भिस्त ठेवता येत नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यातील हे वाक्य पाहा : ‘पाऊस थांबल्यानंतर वावरातून परतणाऱ्या आजोबांच्या बंडीमागे धावणाऱ्या पिल्लाला गौरीने उचलून घेतले.’ (वावर म्हणजे शेत, बंडी म्हणजे बैलगाडी.) शब्द अवघे अकरा. चौथीतील एका मुलीने ते न अडखळता वाचले. मात्र कोण धावत होते असे विचारताच तिने ‘आजोबा’ असे ठाम उत्तर दिले. दुसऱ्या खर्ड्यात त्याची चार वाक्ये झाली : ‘पाऊस थांबला. आजोबांची बंडी वावरातून परत निघाली. मागे एक पिल्लू धावत होते. गौरीने त्याला उचलून घेतले.’ शब्द अकराचे सोळा झाले, जोडाक्षरे पाचांवरून दोनांवर आली आणि आजोबांची धावपळ थांबली.

तेव्हापासून मी प्रत्येक पानावर ‘-णारा’ आणि ‘-लेला’ अशी धातुसाधिते, म्हणजे क्रियापदांपासून बनलेली रूपे, शोधतो आणि एका वाक्यात एकापेक्षा जास्त राहू देत नाही. जोडाक्षरेही मोजतो, पण सगळी एका मापाने नाही : ‘त्या’, ‘च्या’, ‘म्हणाला’ ही तिसरीतील मुलांच्या नजरेत बसलेली असतात, तर ‘उद्ध्वस्त’सारख्या शब्दापाशी पाचवीतील मुलाचेही बोट थबकते. एका पानावर पाच ठिकाणी बोट थांबले तर ते पान पुन्हा लिहायचे, हा जुना ठोकताळा मला अजूनही कोणत्याही सूत्रापेक्षा भरवशाचा वाटतो.

लांबीबाबत आधार कमी आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या बालकथांच्या संकेतस्थळावरील वाचनपातळ्यांत पहिली पातळी २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत आणि त्यापुढचे सगळे चौथ्या पातळीत, अशी विभागणी आहे. म्हणजे जेथे प्रकरणांचे पुस्तक सुरू होते, तेथे ही शिडी संपते. म्हणून मी शब्दांऐवजी बैठकीपासून सुरुवात केली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे उद्दिष्ट आहे. त्या वेगाने ७०० शब्दांचे प्रकरण बारा मिनिटांत संपावे, पण चित्रे पाहणे, मागची ओळ पुन्हा वाचणे आणि मध्येच शेजारच्याला सांगणे धरले तर वीस मिनिटे लागतात. एका बैठकीत यापेक्षा जास्त मागू नये, असे माझे मत झाले आहे. अशी दहा प्रकरणे म्हणजे ७,००० शब्द. अठरा पॉइंटच्या टंकात पानाला साधारण १३० शब्द धरल्यास ५४ पाने, आणि चित्रे व सुरुवातीची पाने मिळून ६४, म्हणजे छपाईचे सोळा पानी चार फॉर्म बरोबर भरतात.

एक प्रश्न मात्र वऱ्हाडी संवादांचा आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ ही रूपे मुलांच्या रोजच्या बोलण्यातली असली, तरी ती छापील स्वरूपात त्यांनी क्वचितच पाहिलेली असतात, त्यामुळे पहिल्या पानावर वाचन अडते आणि दोन पानांनंतर धावू लागते. म्हणून पहिल्या प्रकरणातील वऱ्हाडी संवाद आखूड ठेवले आहेत आणि निवेदन सर्वत्र प्रमाण मराठीत आहे. ‘बंडी’ आणि ‘वावर’ हे शब्द मात्र निवेदनातही तसेच राहतील. पुण्याकडची मुले संदर्भाने ते ओळखतील.

सध्या सहावे प्रकरण १,१०० शब्दांचे आहे. आठवडी बाजाराचे वर्णन कापवत नाही, म्हणून बैल हरवल्याचे लक्षात येते तेथेच प्रकरण तोडून उरलेले ४०० शब्द सातव्याच्या आरंभी नेण्याचा विचार आहे. सातवे सध्या ३५० शब्दांचेच असल्याने त्याला जवळपास तेवढी जागा आहे; ७५० होतील, म्हणजे पन्नासेक शब्द कापावे लागतील.